शेवटचे तीन टाके

चामोर्शी
१२ ऑक्टोबर २०००

चाचा,

मनसारामचा सलाम. नाहीदले सांगा, तिचा मनसाभाऊ जिवंत आहे आन दोन वेळ जेवून राह्यला आहे. दसऱ्याले येतो म्हणलं होतं, जमलं नाई. रागावले असाल तर पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाचा, कारण काम तुमच्याशीच आहे.

बस स्टँडच्या मागं माह्या ठेल्याले आता एक वर्ष झालं. बाजाराच्या दिवशी मान वर कराले फुरसत नाई. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतून लोक सायकलीले जोडे बांधून आणतात. जंगल खात्याचे बूट येतात, मास्तरांचे येतात, सगळ्यांले नवा सोल पाहिजे. हाताच्या आरीनं टोचून शिवलं तर दिवसाले तीन जोड होतात, चौथ्याले बोटं ऐकत नाई. गावचे अजून हसतात, की मासोळ्या धरणाऱ्या घरचा माणूस जोडे काऊन शिवून राह्यला. त्यायले तुमचं नाव सांगतो, कमरुद्दीन उस्तादाच्या दुकानात नऊ वर्षं काढली, जाळ्याची गाठ विसरलो पण टाका नाई विसरलो.

तर चाचा, सोल शिवायची मशीन घ्यायची आहे. जुनीच. नवी आपल्याच्यानं या जन्मी होत नाई. दोन नजरेत आहेत. एक नागपुरात, जुन्या मशिनी विकणाऱ्याकडं, हिरवीगार, आताच न्हाऊन आल्यासारखी. दुसरी नागभीडले सुगंधाबाई म्हणून एक बाई आहे तिच्याकडं. तिचा मालक बूट शिवत होता, दोन वर्षांआधी वारला, तेव्हापासून मशीन पोत्याखाली आहे. दोन्ही तुमच्याच मशिनीच्या जातीच्या. एका धाग्याच्या, बूट उलटा चढवायचा लोखंडी हात असलेल्या. मी जिंदगीत एकच मशीन चालवली, ती तुमची. जुनी घेतांना काय पाहतात, मले मालूम नाई.

माह्या लहान भावाचं, पिंटूचं सांगायचं राह्यलं. तो वनरक्षकाच्या भरतीची तयारी करून राह्यला आहे. पंचवीस किलोमीटर चार घंट्यांत चालून दाखवावं लागते. रोज पहाटे मार्कंड्याच्या देवळापर्यंत जाऊन परत येते. वयाच्या मानानं ही त्याची शेवटची भरती. झाला तर आमच्या घरातला पहिला सरकारी माणूस. माय आतापासूनच त्याले साहेब म्हणते आन तो चिडते.

उत्तर लवकर द्या. नागपूरवाला थांबणार नाई.

तुमचा,
मनसाराम


चंद्रपूर
२० ऑक्टोबर २०००

मनसाराम,

नाहीद लिहून राह्यली, मी बोलून राह्यलो. माहा हात आरीवर अजून ठीक राहते, पेनावर कापते. ती शाळेत बाई आहे, माह्यं बोलणं सुधरवल्याशिवाय तिले चैन पडत नाई. म्हणून कुठी गोड वाटलं तर ते तिचं समज.

वर्षभरानं आठवण आली, तीही मशिनीसाठी. ठीक आहे. मशिनीनं तरी आठवण दिली.

आता ऐक. रंग पाहू नको. जुन्या मशिनीले ताजा रंग दिला म्हणजे खाली काहीतरी झाकलं आहे. नख लावून खरवड. लोखंडी हाताले कुठी वेल्डिंग दिसली तर चहाही पिऊ नको, उठ. तो हात दोन्ही हातांनी धरून हलव. केसभर जरी हलला तरी सुई टोकाच्या कडीले धडकेल आन दिवसाले चार सुया जातील.

जाशील तर सकाळी जा, मशीन थंडी असतांना. विकणारे आधीच मोटर चालवून गरम करून ठेवतात, गरम मशीन सगळे रोग लपवते. मोटर चालू करू देऊ नको. चाक हातानं फिरव, हळूहळू, पूर्ण दहा फेरे. सुई वर येतांना टक असा आवाज आला तर आतली चकती झिजली. सुईचा नंबर विचार, आन तो नंबर नागपुरात मिळते की नाई ते दुसऱ्याच दुकानात जाऊन विचार. सुई मिळत नाई ती मशीन बेवारस, घरी आणून तिले काय हार घालशील?

आपलं चामडं घेऊन जा, आपला धागा घेऊन जा. तीन थर एकावर एक ठेवून शिव. विकणाऱ्याचं चामडं मऊ राहते, त्याच्यावर तर उंदीरही शिवेल. शिवल्यावर तुकडा उलटा कर आन आतली बाजू पाह. वरची बाजू गिऱ्हाईकासाठी राहते, आतली आपल्यासाठी. आन मशीन पाहायच्या आधी ती चालवणाऱ्याची बैठक पाह. ज्याची चामडं कापायची रापी कोपऱ्यात गंजून पडली आहे, त्यानं मशिनीलेही तेल दिलं नसेल.

तुमच्याकडं लाइन जाऊन येऊन राहते, म्हणून मोटर नसतांना पायानं चालते की नाई, हेही पाहून घे.

बाकीचं इथी आल्यावर. घेण्याआधी ये, नाहीतर घेतल्यावर ये, पण दोन दिवस ये आन माह्या मशिनीवर बस. काही गोष्टी हाताले हात लावूनच सांगाव्या लागतात.

तू जातांना करून दिलेल्या चपला अजून पायात आहेत. डावा अंगठा ढिला झाला. मले दोन मिनिटांचं काम आहे, पण मी हात लावला नाई. ते तुह्यं काम आहे.

कमरुद्दीन

(मनसाभाऊ, अब्बा रोज पोस्टमनची वाट पाहतात आणि मला म्हणतात की पाहत नाही. — नाहीद)


चामोर्शी
१४ नोव्हेंबर २०००

चाचा,

मशीन आली. नागभीडची.

आधी नागपूरचं सांगतो. सकाळी सातले पोचलो, तरी तिची मोटर गरमच. म्हणलं, थंडी होऊ द्या. त्यानं चहा मागवला, मी नाई पिलो, तुमची शिकवण. अर्ध्या घंट्यानं चाक हातानं फिरवलं. सातव्या फेऱ्याले टक. खालून नख लावलं तर रंगाखाली वेल्डिंग, बोटभर लांब. तो म्हणे, हे तर कंपनीतूनच असं येते. मी म्हणलं, मग कंपनीलेच परत द्या, आन निघालो.

नागभीडले सुगंधाबाईच्या घरी गेलो. छोटंसं घर, मागं पडवी, पडवीत मशीन. तिच्या मालकाची बैठक अजून तशीच आहे. रापी, आरी, हातोडी, सगळं फळीवर ओळीनं. सुया तेलाच्या कागदात गुंडाळलेल्या. बाई म्हणे, मी दर अमावस्येले भोकांत एकेक थेंब तेल घालते, काऊन ते मले माहीत नाई, तो घालत होता म्हणून घालते. चाक फिरवलं तर आवाजच नाई. लोखंडी हात हलवून पाह्यला, जागचा हलला नाई. तीन थर शिवले, उलटून पाह्यलं, आतली साखळी इतकी एकसारखी की बाईच म्हणाली, त्याचाच टाका आहे. मग ती आत गेली आन बराच वेळ बाहेर आली नाई. मशीन मॅटॅडोरमध्ये चढवली तेव्हा तिनं पुन्हा तेच पोतं नीट झाकून दिलं. मले फार वाईट वाटलं चाचा. कोणाच्या घरातून माणूस उचलून आणल्यासारखं वाटलं.

तिनं एक सांगितलं. तिचा मालक शिलाई बुटाभोवती फिरवून आणली की जिथं सुरू केली तिथं वरून अजून आठ टाके चढवत होता. मीही तेच करून राह्यलो. तुम्ही मात्र तसं करत नव्हते. तुम्ही मशीन थांबवून शेवटचे तीन टाके आरीनं, हातानं घालत, ओठ हलवत. मी एकदा विचारलं होतं तर तुम्ही म्हणले, ती माही दुआ आहे. तुमच्या बुटाले शहरात नाव आहे ते त्याच्याचमुळं. ते काही माह्याच्यानं होणार नाई. मी कोणत्या तोंडानं काय पुटपुटू? ते तुमचं तुमच्यापाशी. मी आपले आठ टाके.

तिकडं येणं झालं नाई. मॅटॅडोरवाल्याले धानाची पोती भरायची होती, वाटेत मूल गावाले पाच मिनिटंही थांबला नाई. ईदले नक्की येतो, डावा अंगठा तेव्हाच पक्का करतो.

एक विचारायचं होतं. थंडी पडल्यापासून धागा फार तुटून राह्यला. काय करू?

तुमचा,
मनसाराम


चंद्रपूर
२ डिसेंबर २०००

मनसाराम,

मूलपासून चंद्रपूर किती लांब आहे, मले मालूम आहे. तासाभराच्या वाटेवरून माणूस मशीन घेऊन पुढं निघून गेला. बरं.

रोजे सुरू आहेत, जास्त बोलत नाई. धागा तुटते तो थंडीनं नाई, मेणानं. डब्यातलं जुनं मेण सगळं खरवडून काढ, घासलेटानं डबा पूस, नवं मेण भर. डब्याखाली साठचा बल्ब लावून ठेव. मेण हाताले कोमट लागलं पाहिजे, चटका नाई. फार गरम झालं तर धागा मेण पिऊन फुगते आन सुईच्या आकडीत अडकते. टाचेजवळ हळू चालव. थांबवतांना सुई नेहमी वर ठेव. सोलाले आधी रापीनं बारीक खाच पाड, टाका खाचेत बसला पाहिजे, नाहीतर रस्त्यावर घासून जाते. चामड्याचा सोल असेल तर ओला करून शिव, सुकला की धाग्याले आवळून धरते. रबरात तसं होत नाई. रबर धाग्याले धरत नाई आन मेणालेही धरत नाई. रबराच्या वेळी सांभाळून.

सुगंधाबाईच्या मालकाचे आठ टाके ठीक आहेत. घालत जा.

माह्या तीन टाक्यांचं काय आहे, ते कागदावर नाई सांगत. ईदले येशील तेव्हा.

कमरुद्दीन


चामोर्शी
५ मार्च २००१

चाचा,

उद्या तुमची बकरीद. मुबारक. रमजानच्या ईदले आलो नाई, त्याची माफी जानेवारीच्या पत्रात मागितली होती, तुमचं उत्तर नाई. ते पत्र मी घाईत दोनच ओळींचं टाकलं, आन त्यातही मशीन जोरात आहे हेच लिहिलं. टाकल्यावर समजलं की चुकलं. चाचा, खरं सांगतो, त्या आठवड्यात आश्रमशाळेच्या बुटांचं काम आलं होतं, एक दिवस बंद ठेवता आलं असतं, पण मी नाई ठेवलं. नव्या मशिनीची हाव सुटली होती.

आता महत्त्वाचं. पिंटूचा फॉर्म मंजूर झाला. चालायची परीक्षा तुमच्याच गावी, चंद्रपूरले, रविवारी १८ तारखेले सकाळी सहाले, शहराबाहेरच्या रस्त्यावर. मी त्याच्यासाठी बूट केले. वरचं चामडं एका जुन्या पोलिसी बुटाचं, मऊ झालेलं, पायाले लागत नाई. खालचा सोल रबराचा, हलका. लाकडी फर्म्यावर चढवून तीन दिवस ठेवले. आजवर इतकी सरळ शिलाई माह्या हातून झाली नाई. त्यानं घालून पाह्यले आन म्हणे, दादा, पायात काही आहे असंच वाटत नाई.

या बुटाले मी सुगंधाबाईच्या मालकाचे आठ टाके चढवले नाई. शेवटी जागा सोडली आहे. तीन टाक्यांची. ते तुमचे. गिऱ्हाईकाच्या बुटाले माहे आठ चालतात, पण माह्या भावाच्या बुटाले तुमची दुआ पाहिजे. तो १७ तारखेले संध्याकाळी तुमच्याकडं येईल, बूट दाखवेल. धाग्याचं टोक मी आत खोचून ठेवलं आहे. मी त्याले काही सांगितलं नाई, फक्त म्हणलं की चाचांची नजर पडली पाहिजे. त्याले हे सगळं सांगितलं असतं तर तो हसला असता.

मायनं तुमच्यासाठी सुकट दिली आहे. नाहीदले आवडते ते बारीक झिंगेही आहेत.

तुमचा,
मनसाराम


चामोर्शी
२४ मार्च २००१

चाचा,

पिंटू गेला. म्हणजे भरतीतून गेला. दुसरं काही समजू नका, तो घरी आहे.

तो १७ तारखेले तुमच्याकडं आला होता. नाहीदनं त्याले सांगितलं की अब्बा बाहेर गेले आहेत, कधी येतील माहीत नाई. त्यानं सुकटीची पिशवी दिली आन एका शाळेच्या व्हरांड्यात भरतीच्या बाकीच्या पोरांसोबत झोपाले गेला. सकाळी सहाले निघाले. पंधरा किलोमीटरपर्यंत पुढच्या दहा जणांत होता, बरोबरचा पोरगा सांगते. ऊन चढलं, डांबर तापलं. अठराव्या किलोमीटरजवळ उजव्या बुटाच्या टाचेशी धागा लोंबाले लागला. त्याले वाटलं, अडथळा नको, तोडून टाकू. म्हणून ओढला. चाचा, एका ओढीत पूर्ण शिलाई निघून आली. जाळं उसवते तशी, टाचेपासून बोटापर्यंत आन परत. तोडायसाठी ओढला आन हातात दोन हात धागा आला. सोल चिकटवायचं सोल्यूशन तर उन्हानं आधीच ढिलं झालं होतं. सोल रस्त्यावर पडला. दोन मिनिटांत डाव्याचंही तेच.

तो अनवाणी चालला. सात किलोमीटर. तापलेल्या डांबरावर. बारा मिनिटं उशिरा पोचला. साहेब लोक चांगले होते, पाणी दिलं, पण वेळ ती वेळ. आता त्याचं वय निघून गेलं.

पाय अजून पट्टीत आहेत. मायनं त्याले साहेब म्हणणं बंद केलं आहे, आन ते मले ऐकू येते, तुमाले समजलं का? तिचं ते न म्हणणं मले दिवसभर ऐकू येते.

मी मशीन उघडून पाह्यली. सगळं जागेवर आहे. लोखंडी हात हलत नाई, सुई सरळ आहे. मग काऊन उसवलं? गिऱ्हाईकाचा एकही बूट आजवर परत आला नाई. माह्या भावाचाच उसवला. मशीन खराब आहे का, की मीच खराब आहे? तुम्ही सांगाल तर भंगारात देतो. सांगा चाचा. आता तरी सांगा.

मनसाराम


चंद्रपूर
९ एप्रिल २००१

मनसाराम,

हे पत्र नाहीद लिहून नाई राह्यली. माह्या हातानं लिहितो. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल. हे तिच्याकडून लिहून घ्याची मले लाज वाटते.

मशीन भंगारात देऊ नको. मशीन चांगली आहे. तुहा हातही चांगला आहे.

एका धाग्याची मशीन साखळी विणते. प्रत्येक कडी पुढच्या कडीनं धरलेली राहते. शेवटच्या कडीले धरणारं कोणी नाई. तिचं टोक मोकळं राह्यलं तर एका ओढीत सगळी साखळी सुटते. म्हणून मी टोक शेवटच्या कडीतून ओवून घेतो आन तीन टाके आरीनं घालून बांधतो. बस. एवढंच आहे ते. दुआ नाई. गाठ आहे. सुगंधाबाईच्या मालकाचे आठ टाकेही त्याच्यासाठीच. म्हणून गिऱ्हाईकाचे बूट धरून राह्यले. चामड्यानं कदाचित तरीही धरलं असतं, रबरानं नाई धरलं.

आता तू विचारशील, दुआ काऊन म्हणलो. तू नवा होता. विचारलं, चाचा ओठ काऊन हलवता. मी टाके मोजून राह्यलो होतो, एक, दोन, तीन. हसत हसत म्हणलं, दुआ आहे. तुह्या तोंडावर जे दिसलं ते मले गोड लागलं. मग तूच गिऱ्हाईकांले सांगाले लागला, उस्ताद शेवटी दुआ घालतात. लोक माह्या दुकानात आदबीनं येऊ लागले. मीही मग खरंच थोडं पुटपुटाले लागलो. नऊ वर्षं तू माह्या बाजूले बसला, रोज सांगता आलं असतं. नाई सांगितलं. उस्तादाजवळ एखादी गोष्ट अशी पाहिजे की जिच्यासाठी शागिर्दाले परत यावं लागेल, असं मले वाटत होतं. तू गेल्यावर तर जास्तच.

नोव्हेंबरात तू त्या टाक्यांचं लिहिलं. मी नाहीदले सांगाले सुरुवात केली होती. अर्धं वाक्य तिनं लिहिलंही होतं. मग मूलचं आठवलं आन मी म्हणलं, खोड ते. ईदले येईल तेव्हा सांगीन. शीरखुर्म्याचं भांडं तीन दिवस ठेवलं. तू आला नाई. जानेवारीत दोन ओळी आल्या, मशीन जोरात आहे.

मार्चचं तुह्यं पत्र मले दहा तारखेले मिळालं. अक्षर ओळखलं आन मेणाच्या डब्याखाली सरकवून ठेवलं. वाटलं, पुन्हा तेच असेल, मशीन आन मशीन. फोडलं नाई.

आता जे लिहितो ते वाचून तू माह्यं तोंड पाहणार नाई, तरी लिहितो. सतरा तारखेले पिंटू आला तेव्हा मी घरात होतो. पडद्याच्या मागं, खाटेवर. त्याचा आवाज ऐकला. म्हणे, चाचा आहेत का, दादानं बूट दाखवाले सांगितले आहेत. मले वाटलं, मनसारामनं आपलं काम मिरवाले भावाले पाठवलं, स्वतः नाई आला. मी नाहीदले हातानं खूण केली, नाई म्हणून सांग. पोरगी माह्याकडं पाहत राह्यली. मग तिनं सांगितलं. ती तेव्हापासून माह्याशी कामापुरतं बोलते.

पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी फोडलं. तू सोडलेली जागा वाचली. घड्याळात पाह्यलं, दीड वाजला होता. चालणं कधीचं संपलं होतं. त्यानंतर तुह्यं पत्र येईपर्यंत रोज खरी दुआ केली, की धाग्यानं एवढे चार घंटे धरलं असेल. तुले लिहाची हिंमत झाली नाई.

दोन मिनिटांचं काम होतं, मनसाराम. मी उठून बाहेर आलो असतो, बूट उलटा केला असता, मोकळं टोक मले अंधारातही दिसलं असतं. त्या पोराचे पाय मी भाजले. भट्टीत हात घातला तरी हे फिटत नाई. त्याले सांगाचं की नाई ते तू ठरव. मी येऊन त्याच्या पाया पडतो म्हणलं तर येऊ देशील का, हेही तूच ठरव.

दुकान चालू आहे, पण शेवटचे तीन टाके घालतांना आता ओठ हलत नाई.

कमरुद्दीन


चामोर्शी
३० ऑक्टोबर २००१

चाचा,

सहा महिने पत्र लिहिलं नाई. चार वेळा लिहाले बसलो, चारही वेळा कागद सुया गुंडाळाले गेला.

पिंटूचे पाय बरे झाले. तळव्यावर कातडी नवी आली, थोडी पातळ आहे, खडी बोचते म्हणते. औंदा त्यानं शेजारच्या पोचूसोबत गावच्या तलावात मासोळ्या धराचं काम घेतलं आहे. पहाटे उठायची सवय तर आहेच, आता मार्कंड्याच्या वाटेनं न जाता तलावावर जाते. जंगल खात्याची गाडी रस्त्यानं गेली की पाण्याकडं पाहते. मी पाह्यलं नाई असं दाखवतो. बूट म्हणून पायात घालत नाई. माह्या दुकानात येते, बसते, चहा पिते, मशीन चालू झाली की उठून जाते.

मशीन ठेवली. आता प्रत्येक जोडाले टोक कडीतून ओवतो, तीन टाके आरीनं घालतो, आन समोर गिऱ्हाईक बसला असेल तर त्याले दाखवतो की हे काऊन करतो. कोणी विचारलं नाई तरी सांगतो. लोक कंटाळतात. नागभीडले सुया आणाले गेलो होतो तेव्हा सुगंधाबाईलेही सांगितलं, तुमच्या मालकाचे आठ टाके कशासाठी होते. तिनं सुया कागदात गुंडाळल्या. मग म्हणे, तो सांगत नव्हता आन मी विचारत नव्हती, आमचा संसार तसाच झाला. मले वाटलं, आपलाही तसाच झाला चाचा. नऊ वर्षं बाजूबाजूले बसून.

माही चूकही लहान नाई. हात कशासाठी चालते ते न समजता नऊ वर्षं तुमचा हात पाहत राह्यलो. इमानदारीनं विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी तरी सांगितलं असतं. मले दुआच बरी वाटत होती. तिच्यात माहीही इज्जत वाढत होती. आन मूलले पाच मिनिटं नाई म्हणलं ते खोटं होतं. मॅटॅडोरवाला अर्धा घंटा चहा पीत बसला होता. चंद्रपूरची बस समोरून गेली. मी चढलो नाई. मशीन आधी गावाले दाखवायची होती.

एक गोष्ट तुमाले सांगायची आहे. मार्चच्या पत्रात मी लिहिलं होतं की नाहीदनं अब्बा बाहेर गेले म्हणून सांगितलं. तेवढंच लिहिलं, कारण तेवढंच लिहाले जमलं. पिंटू परत आला त्या दिवशीच, पायाले पट्टी बांधून घेता घेता, त्यानं मले सांगितलं होतं. म्हणे, दादा, दाराशी चाचाच्या चपला होत्या. तू केलेल्या, डावा अंगठा ढिला असलेल्या. चपला घरात आन माणूस बाहेर, असं कसं?

जोडे शिवणाऱ्याचा भाऊ आहे तो चाचा. जोडे पाहूनच माणूस ओळखते. नाहीद बोलून राह्यली होती तेव्हा तो खाली त्या चपलांकडंच पाहत होता म्हणे. पिशवी ठेवून निघाला, त्याले वाटलं की चाचाले आपलं येणं नको असेल.

तर मले मालूम होतं. मशीन खराब आहे का म्हणून विचारलं तेव्हाही मालूम होतं. तुम्ही काय लिहाल याची वाट पाहत होतो. बाहेर गेलो होतो असं तुम्ही लिहिलं असतं, तर हे पत्र आलं नसतं.

माफ केलं असं लिहीत नाई. ते पिंटूचं आहे, माह्यं नाई, आन त्याले मी विचारलं नाई. मशीन बंद असली म्हणजे कधी कधी तो विचारते, चाचाचा अंगठा कोणी पक्का केला का? मी म्हणतो, नसेल केला.

दिवाळीनंतर इकडं मंडईची जत्रा आहे. ती झाली की आम्ही दोघं येतो. आरी आन धागा मी आणतो. पिंटू म्हणते, दारातून आवाज देऊ, मग पाहू.

चाचा, आत असाल तर ओ द्या.

मनसाराम